मारियाच्या नावाची तपासणी

प्रत्येक धर्मग्रामाने स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्यात, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे ५३५ वे कलम सांगते. आमच्याकडील जीर्ण वह्या संगणकात उतरविण्याचे काम धर्मग्रामातील एका तरुणाने हाती घेतले, तेव्हा आम्हांस धन्यता वाटली. नावाच्या रकान्यात नावाखेरीज काही शिरले तर नाही ना, हे पाहण्यासाठी त्याने पायथन या संगणकभाषेत एक तपासणी लिहिली. अक्षरांचा एक नमुना द्यायचा आणि नाव त्यात बसते का, हे यंत्रास विचारायचे. अशा नमुन्यास ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. त्यामागील गणित स्टीफन क्लेनी या अमेरिकी गणितज्ञाने १९५० च्या दशकात मांडले.

प्रथम त्याने ‘मॅच’ ही आज्ञा वापरली. सारी नावे उत्तीर्ण झाली. कंस आणि स्वल्पविराम चिकटलेलीसुद्धा! नावाचा आरंभ नमुन्याशी जुळला की ही आज्ञा संतुष्ट होते. मग त्याने ‘फुलमॅच’ वापरली. ती आरंभापासून अंतापर्यंत सबंध नाव जुळावे असा आग्रह धरते. आता जवळजवळ सारीच नावे नापास झाली. ‘कोणतेही अक्षर’ अशी जी खूण त्याने नमुन्यात योजली होती, तीत पायथन म, र, य यांना घेते. काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण यांना मात्र घेत नाही. ‘मारिया’तील तीन अक्षरे आत, तीन चिन्हे बाहेर. ‘कमल’ तेवढी सुखरूप पार पडली.

नापास नावे त्याने दुरुस्तीसाठी निराळ्या यादीत ठेवली. तसे त्याने आम्हांस सांगितलेही होते.

त्याच आठवड्यात नावडे वसाहतीतून एक आजी आल्या. नातीच्या विवाहासाठी स्नानसंस्काराचा दाखला हवा होता. पडद्यावर नाव दिसेना. “नोंद नाही,” आम्ही म्हणालो, आणि आमचा स्वर अंमळ कोरडाच होता.

“नाही कशी, फादर? मी तिला हातांत घेऊन उभी होते.”

आम्ही कपाट उघडले. मूळ वहीत मारिया होती. आईवडील, धर्ममातापिता, तारीख, सारे जागच्या जागी. आजींची क्षमा मागताना आम्हांस शब्द सुचेनात.

पुढे त्या तरुणाने खुणेच्या जागी युनिकोडमधील देवनागरीचा १२८ स्थानांचा पट्टा घातला. त्यात आकडे आणि दंडही येतात. ते वेगळे वगळावे लागले. दाखला मात्र आम्ही त्याच दिवशी वहीवरून हाताने लिहून दिला. आजींनी नाव दोनदा वाचून घेतले.