खालांचं देणं

लखनौ म्हटलं की लोकांना दमावर सावकाश शिजणारं जेवण आठवतं. 1784च्या दुष्काळात मोठ्या इमामबाड्याचं बांधकाम निघालं, मजुरांसाठी हंडे रात्रंदिवस चुलीवर राहिले आणि त्यातून दमाची रीत आली, अशी आख्यायिका तिथं सांगतात. मला त्या शहरानं दिलं ते मात्र अर्ध्या तासात होणारं जेवण. ते माझ्या पदरात घालणाऱ्या शेजारच्या खालांची, म्हणजे मावशींची, मी जन्माची देणेकरी आहे.

1996 साली मी मिरजेहून तंबोरा घेऊन लखनौला गेले. विष्णु नारायण भातखंड्यांनी 1926 साली तिथं सुरू केलेल्या महाविद्यालयात मला गाणं शिकायचं होतं. खाला शाळेत शिकवायच्या. संध्याकाळी घरी वह्यांचा ढीग, त्यामुळे हंडी चढायची ती सुटीच्या दिवशी. एरवी जाड बुडाचं एकच लोखंडी फ्रायपॅन.

त्यात व्हायचे पसंदे आणि नूडल्स. बोकडाच्या मांडीचे बिनहाडाचे काप, धाग्याच्या आडवे कापलेले. सुरीच्या पाठीनं ठोकून त्या ते तळहाताएवढे पातळ करायच्या. कच्च्या पपईचा वाटलेला गर, आलं-लसूण आणि मीठ लावून वह्या तपासायला बसायच्या. पपईनं मांस लवकर मऊ पडतं. जास्त वेळ राहिलं तर पार लगदा होतो. मग काप पुसून कोरडे करायचे, मोहरीचं तेल धूर येईतो तापवायचं आणि दोन-दोनच काप सोडायचे. गर्दी केली की पाणी सुटतं आणि मांस भाजायच्या ऐवजी उकडतं. माझा हात उलथन्याकडे गेला की म्हणायच्या, "छेड़िए मत, छोड़ दीजिए." माझ्यासारख्या पोरीलाही 'आप'!

दोन्ही बाजू तांबूस झाल्या की काप ताटलीत. त्याच फ्रायपॅनमध्ये उभा चिरलेला कांदा, मग पाणी. बुडाला चिकटलेलं सगळं खरवडून त्या पाण्यात विरघळवायचं, कारण खरी चव तिथं असते. त्यातच नूडल्स शिजवायच्या. पाणी आटत आलं की काळी मिरी, लिंबू आणि वर पसंदे, ताटलीत साठलेल्या रसासकट.

एका डिसेंबरात वडिलांना हृदयविकाराचा झटका आल्याचा फोन आला. संध्याकाळची पुष्पक एक्सप्रेस गाठायची होती. मी कपडे भरत होते, हात चालत नव्हते. खालांनी धीराचे शब्द बोलण्यात वेळ घालवला नाही. भिंतीपलीकडून ठोकण्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं ताट समोर. मी खाल्लं, त्या उभ्या राहिल्या. तिकिटाचे पैसे माझ्या पर्समध्ये ठेवून रिक्षात बसवलं.

वडील वाचले. परतल्यावर मी पैसे पुढे केले, तेव्हा खालांनी नको-नको न करता ते मोजून घेतले. माझा मान त्यांनी किती जपला, हे मला फार पुढे उमगलं.

आता मिरजेत शिकायला येणाऱ्या मुलींना उशीर झाला की मी हेच पसंदे-नूडल्स करते. आमच्याकडे सोबत कांदा-लसूण मसाला लागतोच. हे फोनवर सांगितलं तेव्हा खाला काळी मिरी सोडायला तयार नव्हत्या, पण म्हणाल्या, "ज़रा भेजिए तो." पुढे त्या होत्या तोवर दर उन्हाळ्यात नवा मसाला कुटला की पहिली बरणी लखनौला जायची.