सुवर्णाचे दोन थेंब

गेल्या पुष्य नक्षत्रास आम्ही आमच्या नऊ वर्षांच्या नातवास घेऊन डोंबिवली पूर्वेस, नेहमीच्या वैद्यांच्या दारी रांगेत उभे होतो. सुवर्णप्राशनाच्या या रांगा ठाणे-कल्याणकडील वाचकांस अपरिचित नसाव्यात. सुवर्णभस्म, मध आणि तूप यांचे दोन थेंब जिभेवर पडले, की पालक कृतार्थ होतात. महिनाभर सुवर्ण चाटविल्यास बालक परम मेधावी होते आणि सहा महिन्यांत श्रुतधर, म्हणजे ऐकलेले धरून ठेवणारे, होते असे काश्यपसंहिता सांगते. आमचा नातू तीन वर्षे थेंब घेत आहे व पाण्याची बाटली अद्याप शाळेत विसरतो. अर्थात आमची मात्रा 27 दिवसांतून एकदाची; ग्रंथास दोष कसा द्यावा?

या खेपेस वैद्यांनी एक कागद पुढे केला. निम्म्या मुलांस सुवर्णासह थेंब द्यावयाचे, निम्म्यांस सुवर्णावाचून, आणि पुढे सर्वांची स्मरणशक्ती तपासावयाची, असा अभ्यास योजिला होता. आम्ही लेखणी काढली तो ते म्हणाले, "आपली सही चालणार नाही, आईवडिलांची लागेल. आणि याचा होकार याच्याच तोंडून हवा." भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यावा असे म्हटले आहे, हे आम्हांस तेव्हा कळले. वैद्यांनी त्यास जवळ बसवून सारे समजावले. ते ऐकून त्याने आमच्याकडे पाहिले.

"आजोबा, मला काय झालंय?"

काहीच झालेले नाही, हेच खरे उत्तर होते; आणि ते देताना आमची जीभ अडखळली. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचली गेली. तिचा होकार कोणी विचारला असेल असे वाटत नाही. तथापि देवीचे भय तिलाही होते. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी प्लेगची लस आधी स्वतःस टोचून घेतली. आमच्या नातवास मात्र कसलेच भय नव्हते. भय होते ते आम्हांस: शेजारच्या मुलाच्या गुणांचे आणि जवळ आलेल्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे. स्मरणशक्तीच वाढवावयाची, तर प्रथम आमचा विचार व्हावयास हवा होता. चष्मा कोठे ठेवला हे आम्हांस रोज विचारावे लागते.

"पोरांवर प्रयोग!" असे घरी येऊन आम्ही तावातावाने म्हणालोही. सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "मग तीन वर्षे आपण काय करत होतो?" आम्ही निरुत्तर झालो. आमच्या प्रयोगास ना कागद होता, ना मोजमाप. आणि त्यास एकदाही विचारले नव्हते. त्यास प्रथम विचारले ते परक्या माणसाने.

काल त्याने चौकशी केली, "सोनं नसलेल्यातही मध असतो ना?" असतो, असे आम्ही सांगितले. कागद अद्याप कोराच आहे, आणि पुष्य नक्षत्र गुरुवारी आहे.