बिऱ्हाड हलवताना

१
नव्या देशात पहिला अर्ज पत्त्याचा. रस्त्याचं नाव, घर क्रमांक, मजला, पिनकोड. सगळे रकाने भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मूळ देशातल्या पत्त्यालाही तेच रकाने. आमचा पत्ता मारुतीच्या देवळामागे, मु. पो. आणि गावाचं नाव, जिल्हा धाराशिव. या पत्त्यावर पाठवलेलं पत्र आजवर चुकलेलं नाही.

२
पासपोर्टवर माझं जन्मस्थान उस्मानाबाद. नव्या रहिवासी दाखल्यावर धाराशिव. जिल्ह्याच्या नव्या नावाची अधिसूचना सप्टेंबर 2023ची. पदवीवर विद्यापीठाचं शहर औरंगाबाद, ते आता छत्रपती संभाजीनगर. परदेशातल्या खिडकीत हे कागद शेजारीशेजारी ठेवले की पलीकडचा माणूस विचारतो, "तुम्ही नेमक्या कुठल्या?" राजपत्राची प्रत आणि तिचं प्रमाणित भाषांतर फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवावं. मागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

३
पशुसंवर्धनाच्या पुस्तकांत शेळी अजून उस्मानाबादीच आहे.

४
आमच्याकडे समुद्र नाही. बालाघाटावर पडलेलं पाणी दोन वाटांनी जातं. मांजरा आणि तेरणा गोदावरीकडे, सीना आणि बोरी भीमेतून कृष्णेकडे. शेवटी सगळं बंगालच्या उपसागरात. माणसं पश्चिमेला जातात. पुणे, मुंबई, मस्कत, दोहा.

५
माझं काम समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पांवर. आखाताचं पाणी फार खारट, लिटरमागे 40 ते 45 ग्रॅम क्षार. मोकळ्या महासागरात साधारण 35. ते 60-70 बार दाबानं बारीक पडद्यांतून रेटायचं, तेव्हा क्षार अलीकडे राहतात आणि पाणी पलीकडे जातं. प्रकल्प सुरळीत चालू लागला की आमची गरज संपते. काम चांगलं झालं म्हणून बिऱ्हाड हलतं.

एप्रिल 2016मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जायला लागलं. सुमारे 340 किलोमीटर. ती गाडी आमच्याच जिल्ह्यातून जायची. आई फोनवर सांगायची, "पाण्याची गाडी गेली बघ." त्या वेळी मी जिथे होते तिथे रस्त्याच्या मधोमध लावलेल्या पेटुनियाला रोज संध्याकाळी गोडं पाणी मिळत होतं.

६
मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे. जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. आईला हे सांगितलं. तिनं विचारलं, "आन् म्हशीला कोण सांगतं?"

तिथल्या एका गोठेवाल्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, धारेची वेळ आम्ही आधीपासून रोज थोडी थोडी सरकवतो. आईला कळवलं. "शहाणा दिसतोय," ती म्हणाली.

७
ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार. अमिरातीत जानेवारी 2022पासून शनिवार-रविवार. गावचा बाजार कोणत्या वारी, हे मात्र मला कुठल्याही देशात लक्षात असतं.

८
बॅगेत येसर, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, हुलग्याचं पीठ. कुंथलगिरीचा पेढा आखातापर्यंत जातो. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. वहिनीनं तरी डबा भरला होता. तो मुंबईच्या विमानतळावर टॅक्सीवाल्याला दिला. तो भूमचा निघाला. त्यानं झाकण उघडून वास घेतला आणि भट्टी कोणत्या गावची ते सांगितलं.

९
जर्मनीतल्या दुकानात ज्वारीचं पीठ ग्लुटेनमुक्त पदार्थांच्या फळीवर मिळतं, छोट्या पाकिटात, औषधाच्या भावानं. अमेरिकेत ज्वारी ढिगानं पिकते, ती बरीचशी जनावरांना आणि इथेनॉलला जाते. आमच्याकडे दाणे माणसाला आणि कडबा जनावराला, एकाच ताटातून.

१०
फिलिप मेडोज टेलर. जन्म 1808, लिव्हरपूल. पंधराव्या वर्षी, 1824मध्ये, एका व्यापाऱ्याकडे नोकरी ठरवून मुंबईत उतरला. सांगितलं होतं तसं तिथे काही नव्हतं. मग निजामाच्या नोकरीत गेला. पुढे बरीच वर्षं सुरपूरला. 1853च्या तहानं निजामानं वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर आमच्याकडचा नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे दिला, तेव्हा कारभार बघायला नळदुर्गला. 1857च्या धामधुमीत बदली बुलढाण्याला. त्याच्या 'तारा' या 1863च्या कादंबरीची नायिका तुळजापूरची. आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, 1877मध्ये निघालं. मृत्यू 1876मध्ये फ्रान्समधल्या मेंटन इथे, पुन्हा एकदा हिंदुस्थानात येऊन परत जाताना.

नोकरी ठरवून आलेल्या पोराला पोचल्यावर वेगळंच काही सापडणं, ही गोष्ट आखातातल्या कामगार वसाहतींत मी आजही ऐकते.

११
दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं. ठरावीक 18 देशांत नोकरीला जायचं तर त्याला सरकारची वेगळी मंजुरी काढावी लागते. त्याबरोबर 10 लाखांचा अपघात विमा सक्तीचा. दहावी झालेल्याला यातलं काही लागत नाही. दलाल कोणाला गाठतात, हे विमानतळाच्या रांगेत उभं राहिलं की कळतं. काही पोरांच्या हातात पासपोर्ट नसतो. तो पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतो, सगळ्यांचे मिळून.

१२
जर्मनीत भाड्याचं घर पुष्कळदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं. ओटा, कपाटं, शेगडी, सिंकसुद्धा आधीचा भाडेकरू घेऊन जातो. भिंतीतून बाहेर आलेले नळ तेवढे उरतात. पहिल्या रात्री आम्ही बाथरूममध्ये तांदूळ धुतले.

दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम भागात रस्त्यावर ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर दिसतात. ट्रॉलीत चूल, भांडी, पाण्याचे ड्रम, ताडपत्री, धान्याची पोती, कोंबड्या, वर म्हातारी आणि लेकरं. कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या फडावर पोचल्यावर कोपी उभी करायची आणि त्याच संध्याकाळी भाकरी थापायची.

१३
आमच्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलं आहे. तिथून साधं कापड, मलमल असा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराला जायचा. तिथून जहाजानं पश्चिमेला. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मातीचे दिवे, मणी आणि शंखाच्या वस्तू बघत मी दुपार काढली. माल कोणी विणला आणि गाड्या कोणी हाकल्या, त्यांची नावं कुठेच नाहीत.

१४
व्हिसाच्या केंद्रात बोटांचे ठसे घेतात. काच पुसून देतात, बोट ओलसर करायला सांगतात, पुन्हा घेतात. कोणी घाई करत नाही.

गावच्या रेशन दुकानात काकूंचा अंगठा यंत्राला उमटत नाही. आयुष्यभर कोयता आणि खुरपं धरलेल्या हाताच्या रेषा झिजल्या आहेत. त्या अंगठा साडीला पुसतात, डोक्याच्या तेलाला लावतात, पुन्हा ठेवतात. मागे रांग असते.

१५
सलालाहच्या बाजारात लोबान विकणारा म्हातारा मूळचा येमेनच्या हद्रमौत भागातला. मी पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातली, हे कळल्यावर त्यानं चहा मागवला. त्याच्या आजोबांचे भाऊ निजामाच्या नोकरीत होते. घरी मनिऑर्डर यायची, मग कधीतरी यायची थांबली. निजामाच्या फौजेत असे पुष्कळ अरब होते. त्यांचे वंशज मराठवाड्यात आहेत, चाऊस म्हणून ओळखले जातात.

"तिकडे आमच्या लोकांना पगार मिळायचा," तो म्हणाला. "आता तुम्हाला इकडे."

१६
जून ते सप्टेंबर सलालाहला रिमझिम असते. डोंगर हिरवे होतात. मस्कतहून लोक सुमारे 1000 किलोमीटर गाडी हाकत येतात आणि पावसात सतरंजी टाकून बसतात. छत्री कोणी उघडत नाही. त्यांच्यात बसून मी दादाला फोन केला. सोयाबीनला पंधरा दिवस पाणी नव्हतं.

१७
30 सप्टेंबर 1993च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर आणि आमच्या जिल्ह्यातली 52 गावं नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, आखलेले चौक, एकाला एक लागून नसलेली घरं. सास्तूरकडच्या एका बाईनं सांगितलं, जुन्या गावात भिंतीवरून हाक मारली की शेजारीण यायची, नव्या गावात आधी चप्पल घालावी लागते. तिनं जिल्ह्याबाहेर कधी बिऱ्हाड केलेलं नाही. स्थलांतराविषयी मला ज्या दोन-तीन गोष्टी कळल्या, त्यातली एक तिच्याकडून.

१८
परदेशातला भारतीय नागरिक फॉर्म 6अ भरून मतदार होऊ शकतो. मत द्यायला मात्र गावच्या केंद्रावर स्वतः यावं लागतं. 20 नोव्हेंबर 2024ला विधानसभेचं मतदान होतं, ऊसतोडीचा हंगाम तोंडावर. टोळीबरोबर फडावर गेलेल्यालाही गावच्याच केंद्रावर यावं लागतं. विमानाचं भाडं मला परवडत नव्हतं. त्याला दोन दिवसांची मजुरी.

१९
मुलीच्या नव्या शाळेनं मागितलेले कागद: आधीच्या शाळेचा दाखला, गुणपत्रक, भाषांतर, लसीकरणाची नोंद. गोवराच्या लशीचा पुरावा जर्मनीत 2020पासून सक्तीचा. सगळं दिल्यावर तिच्यासाठी भाषेची वेगळी शिक्षिका नेमली, फी न घेता. तीन महिन्यांत पोर जर्मनमध्ये भांडायला लागली.

फडावर जाणाऱ्या मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळा शिक्षण हमी पत्रक देतात. ते दाखवलं की जिथे जातील तिथल्या शाळेनं बसवून घ्यायचं. मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं. एका गुरुजींना विचारलं, पत्रक घेऊन गेलेली मुलं तिकडे शाळेत बसतात का? ते म्हणाले, "कर्नाटकात शाळा कन्नड असते ताई. आणि फडापासून लांब." भाषेची वेगळी शिक्षिका तिथेही नेमता येते. नेमली पाहिजे.

२०
तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. दसऱ्याला ती बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीत बसून सीमोल्लंघन करते. मग नगरहून आलेल्या पलंगावर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा. ऊसतोडीचे मुकादम टोळ्यांची जमवाजमव करत असतात ते याच दिवसांत.

२१
दोह्याच्या एका पार्किंगमध्ये गाडीच्या काचेच्या आत छोटा स्टिकर दिसला, एमएच 25, आमच्या जिल्ह्याच्या गाड्यांचा क्रमांक. मी चिठ्ठी लिहून वायपरखाली ठेवली, फोन नंबरासह. रात्री फोन आला. उमरग्याचा वेल्डर. पहिला प्रश्न, "पाऊस झाला का तिकडं?"

२२
सामान बांधून देणारे लोक प्रत्येक खोक्यावर मजकूर लिहितात. किचन, बुक्स, किड्स. जातं बघून ते अडले. विचार करून त्यांनी 'स्टोन' लिहिलं आणि 'जड' असा लाल शिक्का मारला. कस्टमच्या माणसानं ते खोकं उघडलं, खुंटा धरून एक फेरा दिला आणि हसून बंद केलं.

२३
बदली झाली की मला स्थलांतर भत्ता मिळतो. प्रवासखर्च वेगळा. दोन्ही परत करायचे नसतात.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. कोयत्याला मुकादमाकडून उचल मिळते. ती अंगावरचं कर्ज असते, तोडलेल्या उसातून फेडायची. हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते आणि पुढच्या वर्षी कुठे जायचं ते तीच ठरवते.

1979च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदारानं परराज्यात नेलेल्या मजुरासाठी विस्थापन भत्ता लिहिलेला होता. महिन्याच्या मजुरीच्या निम्मा, परत न घेण्याचा. शिवाय जाण्यायेण्याचा खर्च. म्हणजे परंड्याहून बेळगावकडे नेलेल्या कोयत्याला माझ्यासारखीच सोय कागदावर होती. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्यापैकी कोणालाही तो भत्ता मिळालेला नव्हता. असं काही असतं हेही त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. 2020च्या नव्या संहितेत प्रवासखर्च राहिला, विस्थापन भत्ता गाळला.

तो परत आणला पाहिजे, आणि या वेळी टोळी निघण्याआधी, नवरा आणि बायको दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत जमा झाला पाहिजे. बिऱ्हाड हलवण्याचा खर्च कामाला नेणाऱ्यानं सोसायचा, हा नियम मला लागू आहे. तो त्यांनाही लागू व्हावा.