धनी दूर, कारभारी दारात

द्राक्षमळा कुळांना खंडाने देऊन परदेशी गेलेल्या धन्याचा दाखला आपण मिस्सेत अनेकदा ऐकतो. त्यात कुळे दुष्ट आहेत. आयर्लंडच्या मेयो परगण्यातील हकिकत वाचल्यापासून मात्र आम्हांस कारभाऱ्याचीही आठवण होते.

लॉर्ड अर्न दूर फर्मॅना परगण्यात राहत. लॉक मास्क सरोवराकाठची त्यांची जमीन कुळांना लावणे आणि खंड वसूल करणे, हे काम कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट पाहत असे. १८७९ साली पीक बुडाले. पुढील वर्षी धन्याने खंडात शेकडा १० सूट देऊ केली. कुळांनी २५ मागितली. बॉयकॉटने बेदखलीच्या नोटिसा काढल्या, तेव्हा गावाने त्याच्याकडे पाठ फिरवली. गडी गेले, दुकानदारांनी माल नाकारला. सुमारे ५०० पौंडांच्या पिकासाठी सरकारचे व इतरांचे मिळून १०,००० पौंड खर्च झाले. १८८० च्या डिसेंबरात बॉयकॉट निघून गेला. या प्रकाराला त्याचेच नाव सुचविले ते तेथील धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांनी. कुळांना कळेल असा सोपा शब्द त्यांना हवा होता.

दुबळ्यांचे ते शस्त्र होते. आमच्याकडे मात्र वाळीत टाकले जाते ते बहुधा एकटे घर. २०१६ मध्ये महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आमच्या आळीत एका घराशी बोलणे बंद झाले, तेव्हा आम्हीही गप्प राहिलो.

बॉयकॉटला धनी दूर असल्याचे निमित्त होते. आमचा धनी तर दर रविवारी वेदीवर असतो. आम्ही कोणते निमित्त सांगणार?