दहा दिवसांत मोडी

चाळिशी ओलांडली की माणसाला दोन गोष्टी लागतात. एक चष्मा आणि दुसरा कसला तरी क्लास. चष्मा डॉक्टर लावतो. क्लासचं खूळ आपलं आपणच लावून घ्यायचं असतं. बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलेल्या माणसाला कलेची भूक नसते, असा एक गैरसमज आहे. ती असते. फक्त ती महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी लागते.

आजवर अस्मादिकांनी तीन क्लास केले. दोन दिवसांची वारली चित्रकला केली. त्रिकोणाला त्रिकोण जोडला की माणूस होतो, इथवर जमलं. पण माझी माणसं तारप्याभोवती फेर धरण्याऐवजी पेन्शनच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसली. कुंभारकामात सुरईला हात घातला आणि पणती घेऊन घरी आलो. बासरीचा वर्ग महिन्याचा होता. माझा दम आठवड्याचा निघाला. अशा क्लासांचं एक बरं असतं, तिथे कुणी नापास होत नाही. पैसे भरले की प्रमाणपत्र मिळतं. माझी तिन्ही प्रमाणपत्रं हिने एका फायलीत लावली आहेत. फायलीवर लिहिलं आहे, 'बुडीत खाती'.

मोडी लिपीच्या वर्गाला मात्र मी हौसेने गेलो नाही. घरात एक कागद होता, त्याने मला पाठवलं.

तो कागद बाबांच्या ट्रंकेत, रेशमी फडक्यात असायचा. दसऱ्याला तेवढा बाहेर यायचा, पूजेत बसायचा आणि परत जायचा. आजोबा जाताना बाबांना म्हणाले होते, "हा कागद घरातून जाऊ देऊ नकोस." बाबांना मोडी येत नव्हती, १९५० च्या सुमारास शाळांतून ती गेलीच. पण एवढा जपायला सांगितलेला कागद म्हणजे इनामाची सनदच असणार, हे त्यांनी न वाचताच ओळखलं. "आपण मूळचे इनामदार," हे वाक्य मी लहानपणी पाढ्यांसारखं ऐकलं. माझ्या लग्नाच्या बैठकीतही ते बोललं गेलं. सासऱ्यांनी विश्वास ठेवला. हिने अजून ठेवलेला नाही.

बाबा गेले आणि ट्रंक माझ्याकडे आली. मी दहा दिवसांच्या वर्गात नाव घातलं. संध्याकाळी सहा ते आठ.

वर्गात एक वकील होते, इतिहास शिकणाऱ्या दोन मुली होत्या आणि एक निवृत्त तलाठी होते. तलाठी पहिल्याच दिवशी म्हणाले, "साहेब, मी तीस वर्षं मोडी कागद सांभाळले. आता म्हटलं, एखादा वाचूनही बघू." सरांनी सांगितलं की पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि ते वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतले फक्त निवडक छापले, तर त्याचेच ४५ खंड झाले!

मोडी लिहिताना आधी ओळभर आडवी रेघ मारायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. हात शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हे ऐकून मला गहिवरून आलं. शाळेत वेलांटीपायी खाल्लेल्या छड्या आठवल्या. पण सुख तिथेच संपलं. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत आणि 'र' तर दर शेजाऱ्याबरोबर वेगळा चेहरा करून बसतो. कॅशिअरच्या सह्या वाचून तयार झालेली माझी नजरसुद्धा तिसऱ्या दिवशी पाणावली.

आठव्या दिवशी घरी कागद उलगडला. पहिला शब्द लागला तो 'खत'.

"शेणखताचा हिशेब असेल," ही म्हणाली.

नवव्या दिवशी सरांना दाखवला. त्यांनी सहज वाचलं, "कर्जखत लिहून दिले ऐसाजे..."

शके १८१९, म्हणजे १८९७ साल. आदल्या वर्षीच्या दुष्काळात पणजोबांचे बैल गेले होते. नव्या जोडीसाठी त्यांनी सावकाराकडून साठ रुपये घेतले होते, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने. आकडा बरोबर बाबांच्या हळदीकुंकवाखाली सापडला. वर्षाला चोवीस टक्के! सावकाराला शिवी देणार होतो, तेवढ्यात क्रेडिट कार्डाचा दर आठवला आणि गप्प बसलो.

स्कूटरवरून घरी येताना वाटलं, शिकलो नसतो तर बरं झालं असतं. बाबांनी पन्नास वर्षं एका कर्जाची पूजा केली. हिला काय सांगू? आणि आईला?

सिग्नलला थांबलो आणि डोक्यात बी. कॉम. जागं झालं. मी कर्ज खात्यात बसतो. हप्ते पुरे झाले की गहाणाचे कागद गिऱ्हाइकाच्या हातात मीच देतो. फिटल्याशिवाय कागद परत देतो का कधी? मग सावकाराचा कागद आमच्या ट्रंकेत कसा?

घरी येऊन कागद उलटा केला. मागे वेगवेगळ्या शाईच्या सात ओळी होत्या. पाच रुपये, नऊ रुपये, मध्ये दोन वर्षं काहीच नाही, मग पुन्हा चार रुपये. शेवटची ओळ शके १८२८ ची. ती मी सरांच्या मदतीशिवाय वाचली. बेबाक. म्हणजे काही बाकी नाही.

१८७५ साली सुप्याच्या बाजारात गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे असले कागद जाळले होते. आमच्या माणसाने नऊ वर्षं फेडून तो सोडवून आणला. आजोबांना मोडी येत होती; त्यांना सगळं ठाऊक होतं. कागद घरात असला की सावकाराचा वारस पुन्हा दारात उभा राहू शकत नाही, म्हणून "जाऊ देऊ नकोस". इनाम आम्हीच बसवलं.

"म्हणजे मला कर्जदाराच्या घरी दिलं!" ही म्हणाली. पण त्या सात ओळी तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतल्या.

आईला भीत भीत सांगितलं. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फिटलं ना? मग झालं. ह्यांनाही वाण्याची उधारी रात्रभर चालत नसे."

यंदा दसऱ्याला कागद पूजेत ठेवला. मी कुंकू वाहायला हात पुढे केला, तशी आई म्हणाली, "अक्षरं सोडून वाहा रे."