अम्मीची पाठ कोण विचारतो?

शहाडकरांना पाठदुखी नवी नाही. कसाऱ्याकडून येणारी लोकल शहाडला येते तेव्हाच भरलेली असते. सीएसएमटीपर्यंत सव्वा-दीड तास उभ्याने प्रवास, खांद्यावर बॅग, मग आठ तास खुर्ची आणि संध्याकाळी पुन्हा तेच. आमच्या मोहल्ल्यात चाळिशी न गाठलेल्यांच्या कमरेलाही पट्टा दिसतो. जुम्म्याला मशिदीत खुर्च्या वाढत चालल्या आहेत.

‘नमाजीला पाठदुखी होत नाही’ असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. रुकू-सजद्यात सांधे हलतात, हे खरं. पण नमाज ही इबादत आहे, पाठीवरचा इलाज नाही. दिवसभराचं बसणं तेवढ्याने भरून निघत नाही. आणि ज्याला उभं राहता येत नाही त्याला बसून नमाज पढायची सवलत आहेच. खुर्चीवरच्या माणसाकडे संशयाने बघायचं कारण नाही.

मणक्यांच्या मधे लवचीक चकत्या असतात. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात या चकत्यांमधला दाब प्रत्यक्ष मोजला. उभं राहण्यापेक्षा बसून पुढे वाकल्यावर तो जास्त भरला. वाकून वजन उचललं की तो आणखी वाढतो.

आता आपल्या घरात बघा. मोरीत वाकून कपडे कोण धुतं? खाली बसून भाजी कोण चिरतं, फरशी कोण पुसतं, नळाला पाणी आलं की भरलेल्या बादल्या कोण उचलतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त होतं. तरी आपल्याकडे पट्टा येतो तो अब्बूंसाठी. अम्मीच्या वाट्याला बाम आणि ‘आता वय झालं’.

उपाय महागडे नाहीत. बादली अर्धीच भरा, दोन खेपा करा. उचलताना गुडघ्यांत वाका, वजन अंगाजवळ धरा, कमरेतून पिळू नका. कपडे धुताना बसायला पाट नको, उंच स्टूल घ्या. पोछ्याला लांब दांडा लावा. ऑफिसात अर्ध्या तासाने उठा. रोज चाला. पाठ भरली म्हणून आठवडाभर पडून राहू नका, झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहिलं की लवकर बरं वाटतं. अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ओसरतात. आणि सगळ्यात साधा उपाय म्हणजे घरातल्या पुरुषांनी बादली उचलावी.

काही लक्षणांत मात्र थांबू नये. ताप, वजन घटणं, रात्री वाढणारं दुखणं असेल तर डॉक्टरांकडे जा. मणक्याचा टीबी आपल्या देशात आजही होतो. पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. उशीर झाला तर नुकसान कायमचं होऊ शकतं.

नेमकी हीच लक्षणं आपल्या बायका लाजेपायी सांगत नाहीत. मुलाला सांगणार नाहीत, पुरुष डॉक्टरला तर नाहीच. म्हणून घरातल्या मुलीने, सुनेने, बहिणीने त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट शब्दांत विचारलं पाहिजे.