काळ्या स्लाइड्स

प्रोजेक्टर एकदम बंद करायचा नसतो. आधी दिवा विझवायचा, पंखा तसाच चालू ठेवायचा आणि मागून येणारी हवा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. तापलेल्या दिव्याला धक्का बसला तर आतली तार तुटते. 1982 साली फोर्टातल्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसात मी कामाला लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी मला एवढं एकच शिकवलं गेलं. शिकवणारे आमचे मिस्त्रीकाका. यंत्रं उघडणं, पुसणं, जोडणं सगळं त्यांच्याकडे. ते म्हणाले, "घाई करायची नाही. दिवा थंड होतोय तोवर आपणही थंड व्हायचं."

आमचं काम 'ऑडिओ-व्हिज्युअल'चं. आज स्लाइड शो म्हटलं की लोकांना कॉम्प्युटरच आठवतो. आमची स्लाइड ही हातात धरता येणारी वस्तू होती: 35 मिलिमीटर फिल्मचा एक तुकडा, दोन काचांमध्ये दाबून, पाच बाय पाच सेंटिमीटरच्या चौकटीत बसवलेला. प्रोजेक्टर कोडॅकचे, एस-एव्ही जातीचे, जर्मनीत श्टुटगार्टला बनलेले. दिवा 24 व्होल्टचा, 250 वॅटचा. डोक्यावर गोल ट्रे, त्याला 80 घरं. ट्रे एक घर पुढे सरकला की स्लाइड स्वतःच्या वजनाने खालच्या फटीत पडते आणि तिचं काम झालं की एक दांडी तिला खालून उचलून परत घरात ठेवते. हे खाली पडणं आणि वर जाणं, त्याचा तो 'खटाक्' आवाज, माझ्या कानात अजून आहे.

पण ह्या सगळ्याला साधारण एक सेकंद लागतो आणि तेवढा वेळ पडदा काळा असतो. एका प्रोजेक्टरचा शो म्हणजे चित्र, अंधार, चित्र, अंधार. म्हणून त्याच पडद्यावर तंतोतंत जुळवलेला दुसरा प्रोजेक्टर लागतो. पहिल्याचा दिवा हळूहळू मंद होतो, दुसऱ्याचा त्याच वेळी उजळतो आणि एक चित्र दुसऱ्यात विरघळतं. पहिला त्या अवधीत अंधारात गुपचूप आपली स्लाइड बदलून घेतो. हे डिझॉल्व्ह. तिसरा प्रोजेक्टर जोडला की वेग येतो. एव्हीएल नावाच्या अमेरिकन कंपनीची 'डव्ह' नावाची पेटी तीन प्रोजेक्टर सांभाळायची. आयात परवान्यांच्या त्या दिवसांत अशा तीन पेट्या आमच्याकडे असणं ही मोठी गोष्ट होती. मिस्त्रीकाका त्या घरी नेऊन ठेवायलाही तयार झाले असते.

आमचे सर नेहमी एक गोष्ट सांगत. 1967 साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात योसेफ स्वोबोदा ह्या नेपथ्यकाराने 112 ठोकळ्यांची भिंत उभी केली होती. प्रत्येक ठोकळ्यात दोन प्रोजेक्टर, एकूण 15,000 स्लाइड्स, ठोकळे पुढेमागे सरकणारे. सर सांगत ते दिपवण्यासाठी नव्हे. ते म्हणत, "त्या भिंतीसमोर उभा असलेला माणूस कुठे बघायचं ते स्वतः ठरवत होता. सिनेमात ते कॅमेरा ठरवतो." ते वाक्य मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

कंपन्यांचे शो आम्ही डझनाने केले. नवी स्कूटर, नवा साबण, विक्रेत्यांची वार्षिक परिषद, पंचतारांकित हॉटेलातला हॉल. त्यांतलं फारसं काही आठवत नाही. आठवतो तो एका सहकारी साखर कारखान्याचा रौप्यमहोत्सव, 1986 सालचा.

कारखान्याचे चेअरमन मुंबईत कुठल्याशा परिषदेला आले असताना त्यांनी आमचा एक शो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पत्ता शोधत ऑफिसात आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. सरांनी त्यांना समजावलं की नऊ प्रोजेक्टरचा शो उघड्या मंडपात करणं अवघड आहे. धूळ असते, विजेचा भरवसा नसतो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, मुंबईत दावता ते आमच्या माणसांनी का बघू नये?" सरांनी होकार दिला.

जानेवारीत, गळीत हंगाम ऐन भरात असताना आम्ही फोटो काढायला गेलो. पहाटे साडेपाचला वजनकाट्यापुढे बैलगाड्यांची रांग लागलेली. पांढरं धुकं, बैलांच्या नाकातून निघणारी वाफ, गाड्यांखाली टांगलेले कंदील. गव्हाणीत पडणाऱ्या मोळ्या, बॉयलरची धग, उकळता रस आणि शेवटी भिंगाखाली काढलेले साखरेचे कण, प्रत्येक कण काचेसारखा कापीव. फडात ऊसतोड टोळीतल्या एका बाईचे दोन फोटो मी तिपायी न हलवता घेतले. एकात कोयता वर, दुसऱ्यात कोयता उसाच्या बुडाशी. त्या दोन फोटोंचं काय करायचं ते मला तिथेच दिसलं होतं. दोन प्रोजेक्टरांत दोन स्लाइड्स बसवायच्या, ट्रे हलवायचे नाहीत, फक्त दिवे आलटून पालटून लावायचे. कोयता वर, खाली, वर, खाली. दिव्याची तार विझतानाही क्षणभर लाल राहते, त्यामुळे दोन चित्रांच्या मध्ये हालचालीचा पुसट माग उरतो. असा माग मला व्हिडिओत कधी दिसला नाही.

मग आठ महिने काम. नऊ ट्रे, 720 घरं. त्यांतली निम्मी चित्रांची, बाकीची वेगळ्याच मालाची. अक्षरं लिथ फिल्मवर उतरवायची; ती फिल्म फक्त काळं आणि पारदर्शक जाणते. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात, पडद्यावर ती चांदण्यांसारखी चमकतात. बारीक ब्रशने, काळ्या रंगाने एकेक छिद्र बुजवायचं. जिथे प्रोजेक्टर चालू असूनही काही दिसू द्यायचं नाही, तिथे पूर्ण काळी स्लाइड. आणि सगळ्यांत जास्त जीव खाल्ला तो पॅनोरमाच्या मास्कनी.

पडदा लांबच लांब, उंचीच्या तिप्पट रुंद. एका प्रोजेक्टरचं चित्र त्यात अर्ध्यापर्यंतच पोहोचतं. मग डावं, उजवं आणि दोघांच्या सांध्यावर बसणारं मधलं, अशी तीन चित्रं एकमेकांवर चढवायची. डावं चित्र उजवीकडे हळूहळू काळोखात जातं, मधलं त्याच ठिकाणी हळूहळू उजळतं आणि पलीकडे पुन्हा मावळतं. ती मावळती मास्क लावून बनवतात. मास्क किंचित चुकला तर सांध्यावर काळा किंवा पांढरा पट्टा उभा राहतो. ती बैलगाड्यांची रांग मला पॅनोरमात हवी होती आणि सांधा नेमका एका पांढऱ्या बैलाच्या वशिंडावर येत होता. तो बैल मी सतरा वेळा केला. अठराव्यांदा ट्रे फिरवले, तेव्हा सर पडद्याजवळ जाऊन उभे राहिले, वशिंडावरून हात फिरवला आणि काही न बोलता चहा सांगितला.

स्लाइड ट्रेमध्ये घालताना डोकं खाली करून घालायची असते. ती चुकू नये म्हणून कोपऱ्यावर, जिथे अंगठा येतो तिथे, ठिपका लावतात. आमच्याकडे त्यासाठी कपाळाला लावायच्या लाल टिकल्या असत. शोच्या आदल्या रात्री ट्रे दिव्याखाली धरायचा आणि सगळ्या टिकल्या एका वर्तुळात आहेत ना ते बघायचं. एक जरी आत वळलेली दिसली तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

नोव्हेंबरात मंडप पडला. चार-पाच हजार माणसं, पुढे सतरंजीवर बायका-मुलं, मागे बैलगाड्यांवर उभी राहिलेली पोरं. दुपारभर आम्ही सगळे ट्रे दोनदा फिरवून घेतले. काचांमध्ये ओल राहिली असेल तर ती दिव्याच्या उष्णतेने वाफ होऊन चित्रावर डागासारखी सरकत जाते. आधीच तापवून घेतलं की ती निघून जाते. प्रोजेक्टरांवर भिजवून पिळलेली मलमल टांगून धूळ अडवली. आणि शो सुरू व्हायला दहा मिनिटं असताना वीज गेली.

कारखान्याने एक लहान जनरेटर तयार ठेवला होता. मिस्त्रीकाकांनी त्याचा आवाज ऐकला आणि मान हलवली. मला त्यांची भीती समजत होती. आमच्या चार ट्रॅकच्या स्पूल रेकॉर्डरची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर धावायची. जनरेटर दमला की टेपही दमणार.

तसंच झालं. पॅनोरमा उजळला, दिव्यांचा भार एकदम वाढला, जनरेटर खाली बसला आणि निवेदकाचा आवाज जड झाला, सनई अर्ध्या सुराने उतरली. मी श्वास धरून पडद्याकडे पाहिलं. चित्रं मुळीच चुकत नव्हती. कारण त्या टेपच्या पहिल्या दोन ट्रॅकवर आवाज होता, तिसरा मुद्दाम रिकामा आणि चौथ्यावर दिव्यांना व ट्रेंना दिलेले हुकूम. चौथा ट्रॅक स्पीकरवर ऐकला तर नुसती चिरचिर वाटते. आवाज मंदावला तेव्हा हुकूमही त्याच मापाने मंदावले. सनई रेंगाळली, तिच्याबरोबर सूर्यही रेंगाळत उगवला. दोघांची गाठ एकाच टेपवर मारलेली होती. मंडपातल्या कोणालाही काही बिघडलंय असं वाटलं नाही.

पांढरा बैल आला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला आणि बैलाला नावाने हाक मारली. मग कोयता आला, वर, खाली, वर, खाली. सतरंजीवरून एक बाई ओरडली, "आगं बया, ही तर मीच हाय!" सगळ्या माना पडद्यावरून तिच्याकडे वळल्या. सरांचं ते वाक्य मला त्या क्षणी समजलं. माणसं कुठे बघायचं ते स्वतः ठरवत होती आणि त्यांनी तिच्याकडे बघायचं ठरवलं.

चौदा मिनिटांचा शो. संपल्यावर मागून आवाज आला, "परत एकदा दावा की!" टेप मागे न्यायची, नऊ ट्रे शून्यावर आणायचे, पंखे चालूच. त्या रात्री आम्ही तो तीनदा दाखवला. तिसऱ्या वेळी वीज परत आली होती आणि सनई सुरात होती. मला मात्र पहिल्या वेळचीच आठवते.

पुढची हकिकत थोडक्यात. व्हिडिओ प्रोजेक्टर आले, मग कॉम्प्युटर आला. त्या चित्रांत काळा रंग राखाडी दिसायचा, पण खर्च कमी आणि घाई जास्त, त्यापुढे कोण बोलणार. 1997 साली आमचं ऑफिस बंद झालं. कोडॅकने 2004 साली स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं, तेव्हा मिस्त्रीकाका हयात नव्हते.

गेल्या वर्षी त्या कारखान्यातून फोन आला. जुन्या कार्यालयाचं कपाट रिकामं करताना पेट्या सापडल्या होत्या, झाकणावर माझं अक्षर. मी पहिल्या गाडीने गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने मोठ्या आस्थेने काम केलं होतं. ट्रेमधल्या स्लाइड्स काढून त्यातल्या 'चांगल्या' निवडून स्कॅन केल्या होत्या आणि क्रमांक घालून डब्यांत लावल्या होत्या. उरलेल्या, म्हणजे पूर्ण काळ्या, नुसत्या अक्षरांच्या, अर्ध्या अंधारलेल्या, खराब झाल्या समजून पोत्यात भरून भंगारात दिल्या होत्या. त्याला दोष देववत नाही. काळी स्लाइड हातात घेतली तर त्यात खरोखर काहीच दिसत नाही.

बैलगाड्यांच्या रांगेचा डावा भाग डब्यात होता, उजवाही होता. मधला नव्हता. दोन्ही बाजूंनी काळा होत जाणारा, म्हणजे सगळ्यांत 'खराब' दिसणारा तोच होता. पांढरा बैल गेला.

टेप मात्र कपाटाच्या खालच्या कप्प्यात तिच्या डबीत सापडली, सोबत क्यू शीटही. ती मी घरी आणली आणि चारही ट्रॅक उतरवून घेतले. आता कुठल्या सेकंदाला कुठला दिवा किती उजळत होता हे मी वाचू शकतो. 6 मिनिटं 40 सेकंदांवर तिन्ही दिवे पूर्ण उजळतात, एवढं नक्की आहे.

तुमच्या शाळेत, बँकेत, कारखान्यात, काकांच्या माळ्यावर असे गोल ट्रे सापडले तर स्लाइड्स घाईने बाहेर काढू नका. आधी ट्रेचा क्रमांक आणि घराचा क्रमांक लिहून घ्या, मग स्कॅन करा, काळ्यासुद्धा. जवळपास टेप असेल तर ती त्याच पेटीत ठेवा आणि उतरवून घेणाऱ्याला सांगा, चारही ट्रॅक घ्या, चौथा चिरचिरतो म्हणून सोडू नका.